रेणूची 'ओळख पटते' म्हणजे नेमकं काय होतं? (रिसेप्टर, कार्बन डॉट आणि लोह)

रानजाई
सोमवार, रात्री ९.५०

भाची एमएस्सी करते आहे. तिच्या प्रोजेक्टचा विषय पाण्यातलं लोह शोधणं. सायट्रिक ॲसिड आणि युरिया पाण्यात विरघळवायचं, टेफ्लॉनचं अस्तर असलेल्या पोलादी भांड्यात बंद करून ओव्हनमध्ये तापवायचं. निघतं ते साधं तपकिरी पाणी. ते गाळून पातळ केलं आणि त्यावर यूव्ही टॉर्च मारला की निळंशार चकाकतं. हे म्हणजे कार्बन डॉट्स, काही नॅनोमीटर आकाराचे कण. त्यात फेरिक क्लोराईडचे थेंब टाकत गेलं की चकाकी विझत जाते. सोडियम, मॅग्नेशियम, कॅल्शियम, झिंक टाकून फारसा फरक पडत नाही. म्हणून तिच्या प्रबंधात वाक्य आहे, 'हे डॉट्स लोहाला निवडकपणे ओळखतात.'

मी विचारलं, ओळखतात म्हणजे कसे गं? ती म्हणाली, कणांच्या पृष्ठभागावर कार्बोक्सिल आणि अमाइन गट असतात, लोह त्यांना चिकटतं. पण कार्बोक्सिलला तर कॅल्शियमही चिकटतंच. मग त्याने का नाही विझत? यावर दोघीही अडलो.

आमच्या वेळी बारावीला पेशीवरच्या रिसेप्टरबद्दल (बाहेरून आलेला रेणू धरून पेशीला निरोप देणारं प्रथिन) 'कुलूप-किल्ली' एवढंच शिकवलं होतं. तेव्हाही ते पुरेसं वाटलं नव्हतं. इथे औषधं, रसायन, लॅब यांत काम करणारे बरेच जण आहेत. रिसेप्टर रेणूला ओळखतो आणि हा डॉट लोहाला ओळखतो, या दोन्ही एकाच जातीच्या गोष्टी आहेत का? आणि शेजारी हजार रेणू फिरत असताना एकच कसा निवडला जातो?


खडीसाखर
सोमवार, रात्री १०.०५

जागा धरून ठेवतोय. जाणकारांनी मिरचीसारख्या ओळखीच्या गोष्टीपासून सुरुवात करावी, म्हणजे सगळेच धाग्यावर टिकतील.


निळाई
सोमवार, रात्री ११.२०

औषधशास्त्र शिकवते, त्यामुळे हा प्रश्न माझ्या आवडीचा.

रिसेप्टर ही कल्पना आली तेव्हा तो कुणी पाहिलेला नव्हता. केंब्रिजमध्ये लँग्ली यांनी स्नायूवर निकोटिन लावलं की तो आकसायचा. आधी क्युरारे (स्नायू लुळे पाडणारं बाणांवरचं विष) दिलं तर निकोटिनचा परिणाम व्हायचा नाही. पण क्युरारे दिलेल्या त्याच स्नायूला थेट विजेचा झटका दिला तर तो नीट आकसायचा. म्हणजे स्नायू शाबूत आहे. स्नायूकडे येणारी चेता तोडून ती निकामी झाल्यावरही निकोटिनचा परिणाम व्हायचाच, म्हणजे तो चेतेवरही होत नव्हता. यावरून १९०५ साली त्यांनी मांडलं की स्नायूपेशीतच असा काही पदार्थ आहे ज्याला निकोटिन आणि क्युरारे दोन्ही धरतात, आणि त्या जागेसाठी त्यांच्यात स्पर्धा असते. 'स्पर्धा' हा शब्द लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आता खडीसाखर यांची मिरची. तिखटपणा देणारा रेणू कॅप्सेसिन. त्याचा रिसेप्टर टीआरपीव्ही-१, तो १९९७ मध्ये डेव्हिड ज्युलियस यांच्या गटाने शोधला. २०२१ चं नोबेल ज्युलियस आणि पटापुटियन यांना मिळालं. हा रिसेप्टर म्हणजे वेदना वाहणाऱ्या चेतापेशींच्या पटलातली एक झडप. साधारण ४३ अंश सेल्सिअसच्या वर तापमान गेलं की ती उघडते, कॅल्शियम-सोडियम आत येतात आणि मेंदूला 'भाजलं' असा निरोप जातो. कॅप्सेसिन बसलं की हीच झडप नेहमीच्या तापमानालाही उघडते. ठेचा खाऊन वर गरम चहा प्यायलात तर तोंड दुप्पट भाजतं ते यामुळेच.

कॅप्सेसिनचं एक टोक व्हॅनिलासारखं, मधे अमाइड, आणि मागे लांब तेलकट शेपूट. झडपेतली बसायची खाच पटलाच्या आत आहे. शेपटीभोवती तेलकट अमिनो आम्लं, डोक्याशी हायड्रोजन बंध, मधल्या अमाइडशी आणखी एक. यातला एकेक बंध अगदी दुबळा. खोलीच्या तापमानाला रेणू इतके हलत असतात की एक बंध क्षणात तुटतो. पण तीन-चार बंध एकाच वेळी, योग्य अंतरावर, योग्य दिशेने जुळले तर रेणू जास्त वेळ टिकतो. रिसेप्टरवर असंख्य रेणू आपटतात आणि निघून जातात. जो टिकतो त्याला आपण 'ओळखला' म्हणतो. ओळखण्याचं वेगळं असं काही काम तिथे होत नाही.


परसदार
मंगळवार, सकाळी ७.१०

बुलबुल आणि पोपट आमच्या लवंगी मिरच्या अख्ख्या गिळतात. त्यांची झडप वेगळी का?


निळाई
मंगळवार, सकाळी ८.३०

@परसदार, हो. पक्ष्यांतही टीआरपीव्ही-१ असतो, उष्णतेला उघडतोही. पण कॅप्सेसिन बसायच्या जागेतली काही अमिनो आम्लं बदललेली आहेत, त्यामुळे कॅप्सेसिनने तो उघडत नाही. कोंबडीच्या रिसेप्टरवर हे दाखवलेलं आहे. मिरचीच्या दृष्टीने हे सोयीचं, कारण पक्ष्यांच्या पोटातून बी धड बाहेर पडतं आणि लांब पोचतं, उंदीर-घुशी मात्र ते चावून टाकतात. अर्थात हे सगळं घडलं ते मिरचीच्या मूळ मुलखात, अमेरिका खंडात. आपल्याकडे ती पोर्तुगीजांबरोबर आली. आपल्या बुलबुलांना ही सोय आयती मिळाली.


गवती_चहा
मंगळवार, सकाळी १०.४०

छान धागा. मी सुगंधी तेलांच्या व्यवसायात आहे, म्हणून नाकाची बाजू मांडतो.

पुदिन्याच्या वासाचा मुख्य रेणू कार्व्होन. शहाजिऱ्याचा आणि बाळंतशेपाचा मुख्य रेणूही कार्व्होनच! अणू तेच, तितकेच, जोडणीही तीच. फरक एवढाच की एक दुसऱ्याचं आरशातलं प्रतिबिंब आहे. दोन्ही शुद्ध बाटल्या आमच्याकडे शेजारी असतात. उकळबिंदू एकच, घनता एकच. नवीन आलेल्या मुलांना मी वासाच्या दोन कागदी पट्ट्या बुडवून देतो. एक हुंगली की पुदिन्याची चटणी, दुसरी हुंगली की बाळंतिणीची खोली. यंत्राने हा फरक दाखवायचा तर खास कॉलम लागतो, नाकाला श्वास पुरतो.

कारण नाकातले रिसेप्टर स्वतः एकाच हाताचे आहेत, म्हणजे एकाच बाजूच्या अमिनो आम्लांचे बनलेले. त्यामुळे त्यांच्या खाचेत एक प्रतिबिंब नीट टेकतं, दुसऱ्याचा एखादा कोपरा अडतो. बक आणि ॲक्सेल यांनी १९९१ मध्ये या रिसेप्टरांची जनुकं शोधली, २००४ ला नोबेल मिळालं. माणसात असे साधारण ४०० प्रकार चालू स्थितीत आहेत. एका वासाला एक रिसेप्टर असा हिशोब नाही. एक रेणू अनेकांना कमी-जास्त चालवतो आणि मेंदू त्या सगळ्याचा मिळून नमुना वाचतो.


बिनधास्त_बंड्या
मंगळवार, सकाळी ११.०२

शेपूची भाजी न आवडणाऱ्यांना अखेर वैज्ञानिक आधार मिळाला. ही प्रिंट काढून आईला दाखवणार.


गवती_चहा
मंगळवार, सकाळी ११.१५

@बंड्या, भाजीच्या पाल्याचा वास वेगळ्या रेणूंचा असतो, कार्व्होन बियांत. आई हे वाचणार असेल तर ही पोस्टही प्रिंटमध्ये घे. :)


तिमिर
मंगळवार, दुपारी १.३०

वरचं सगळं मान्य, पण 'टिकला म्हणजे ओळखला' याला माझा आक्षेप आहे.

नालॉक्सोन घ्या. मॉर्फिनचा रिसेप्टर त्याला मॉर्फिनपेक्षाही घट्ट धरतो. अफूजन्य औषधाच्या अतिमात्रेने श्वास थांबत आलेल्या रुग्णाला नालॉक्सोन दिलं की ते मॉर्फिनला हटवून स्वतः बसतं आणि माणूस मिनिटांत शुद्धीवर येतो. पण बसूनही ते रिसेप्टरला काहीच करायला लावत नाही. टिकणं पूर्ण, निरोप शून्य. म्हणजे धरणं आणि कळवणं ही दोन वेगळी कामं आहेत.

कुलूप-किल्लीची उपमा फिशर यांनी १८९४ मध्ये एन्झाइमसाठी दिली. ती शंभर वर्षं चालली कारण सोपी आहे. पण कुलूप लोखंडी असतं. प्रथिन सतत हलतं. १९५८ मध्ये कॉशलंड यांनी मांडलं की रेणू बसताना प्रथिन स्वतःचा आकार बदलतं. आता तर असं दिसतं की बरेच रिसेप्टर रेणू नसतानाही अधूनमधून आपोआप 'चालू' अवस्थेत जाऊन येतात. संप्रेरक बसलं की ती चालू अवस्था जास्त टिकते, इतकंच. नालॉक्सोनसारखं औषध दोन्ही अवस्थांना जवळपास सारखंच धरतं, म्हणून समतोल हलत नाही.

रानजाई, तुमच्या भाचीला विचारायचा प्रश्न हाच. चकाकी विझणं हा निरोप आहे. त्यावरून चिकटणं सिद्ध होत नाही.


निळाई
मंगळवार, दुपारी २.००

@तिमिर, मान्य. वर्गात मी हे दोन तासांत विभागून शिकवते, इथे पहिलाच तास लिहिला होता. नालॉक्सोनचं उदाहरण अगदी चपखल.


सावित्रीकाठ
मंगळवार, रात्री ८.४५

'स्पर्धा' वाचून लिहावंसं वाटलं. आम्ही महाड भागातले. लाल विंचू काय करतो ते इथल्या जुन्या माणसांना विचारा. गवताच्या भाऱ्यात, जांभ्याच्या चिऱ्यांखाली, भिंतीला टेकवलेल्या लाकडांत तो असतो. पोर चावल्या जागी कमी रडायचं, पण थोड्या वेळात घामाने निथळायचं, हातपाय बर्फ, उलट्या, आणि मग तोंडाला फेस येऊन श्वास लागायचा. फुप्फुसात पाणी भरायचं. कित्येक घरांनी मुलं गमावली.

डॉ. हिंमतराव बावस्करांनी इथे राहून हे रुग्ण पाहिले, एकेकाच्या उशाशी बसून नोंदी ठेवल्या आणि प्राझोसिन ही रक्तदाबाची साधी गोळी वापरायला सुरुवात केली. विंचूदंशाचे मृत्यू त्यानंतर फार कमी झाले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. गोळी गुण देते हे आम्ही डोळ्यांनी पाहिलंय. ती नेमकं काय करते, हे जाणकारांनी सांगावं.


निळाई
मंगळवार, रात्री ९.३०

@सावित्रीकाठ, हे उदाहरण मी वर्गात दर वर्षी आवर्जून सांगते, कारण रिसेप्टर म्हणजे काय ते याहून स्पष्ट कुठे दिसत नाही.

विंचवाचं विष चेतापेशीतल्या सोडियमच्या झडपा धरतं आणि त्या नीट मिटू देत नाही. चेता सतत पेटत्या राहतात आणि ॲड्रिनलिन, नॉरॲड्रिनलिनचा पूर येतो. हे रेणू रक्तवाहिन्यांच्या अल्फा-१ रिसेप्टरवर बसतात, वाहिन्या आवळतात. म्हणून हात गार. आवळलेल्या वाहिन्यांविरुद्ध रक्त ढकलून हृदय थकतं आणि फुप्फुसात पाणी साठतं. प्राझोसिन त्याच अल्फा-१ जागेवर बसतं आणि काही करत नाही. नॉरॲड्रिनलिनला जागा मिळत नाही, वाहिन्या सैल पडतात. बावस्करांनी विषाला हातच लावला नाही, विषाने सोडलेला निरोप जिथे पोचतो ती जागा अडवली. पेशीत ॲड्रिनलिनचे अनेक प्रकारचे रिसेप्टर असताना प्राझोसिन अल्फा-१ च पकडतं, हे इथे जीव वाचवणारं ठरलं.

जाता जाता मुंगसाचं. नागाच्या विषातला एक रेणू स्नायूवरच्या ॲसिटिलकोलिन (चेतेकडून स्नायूला निरोप नेणारा रेणू) रिसेप्टरला धरून ठेवतो आणि स्नायू लुळे पडतात. मुंगसाच्या त्याच रिसेप्टरवर बसायच्या जागेपाशी बदल झालेले आहेत आणि एक साखरेची साखळीही लागलेली आहे. त्यामुळे विषाचा मोठा रेणू टेकू शकत नाही, मुंगसाचं स्वतःचं छोटं ॲसिटिलकोलिन मात्र आरामात बसतं. नागाच्या स्वतःच्या रिसेप्टरवरही अशीच साखर आहे. आणि मण्यारीच्या कुळातल्या तैवानी सापाचं असंच एक विष, बंगारोटॉक्सिन, याला चकाकणारा रंग जोडून प्रयोगशाळेत स्नायूवरचे रिसेप्टर सूक्ष्मदर्शकाखाली दिसते करतात. रानजाई, तुमच्या दोन्ही प्रश्नांची गाठ इथे पडते.


खडीसाखर
मंगळवार, रात्री ९.४०

मुंगूस प्रकरण कमाल आहे. वाचनखूण साठवली.


ऱ्हाईनकाठ
बुधवार, पहाटे २.१५ (इकडे रात्रच आहे)

मी जर्मनीत कार्बन नॅनोट्यूबच्या, म्हणजे कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्यांच्या, सेन्सरवर काम करतो. नॅनोची बाजू लिहितो.

आधी एक गैरसमज दूर करू. चकाकणारा नॅनोकण स्वतःहून बहुधा काहीच ओळखत नाही. क्वांटम डॉट (अर्धवाहक पदार्थाचे नॅनोकण) बघा, ज्यांच्या शोधाला २०२३ चं रसायनाचं नोबेल मिळालं. कॅडमियम सेलेनाइडचा कण २ नॅनोमीटरचा असला तर निळा, ६ चा असला तर लाल. हा रंग आकाराने ठरतो, समोर कोण आहे याच्याशी त्याला देणंघेणं नाही. १९९८ मध्ये ते पहिल्यांदा जीवशास्त्रात वापरले गेले तेव्हापासून ओळखायचं काम त्यांच्यावर चिकटवलेलं दुसरंच कुणी करतं. अँटिबॉडी, पेप्टाइड, किंवा ॲप्टामर.

ॲप्टामर म्हणजे आरएनए किंवा डीएनएचा छोटा तुकडा, जो घडी पडून खाच तयार करतो. १९९० मध्ये दोन गटांनी रीत काढली. अब्जावधींच्या लाखो पटीत वेगवेगळे तुकडे घ्यायचे, हवा तो रेणू चिकटवलेल्या कॉलममधून सोडायचे, अडकतील तेवढे ठेवायचे, त्यांच्या प्रती काढायच्या, पुन्हा सोडायचे. दम्याच्या औषधातलं थिओफायलिन आणि चहा-कॉफीतलं कॅफिन यांत फरक एका मिथाइल गटाचा. थिओफायलिनची योग्य मात्रा आणि विषारी मात्रा यांत अंतर फार कमी, म्हणून रक्तातलं प्रमाण मोजावं लागतं, आणि कॅफिन तर सगळ्यांच्याच रक्तात. १९९४ मध्ये असा आरएनए मिळाला जो थिओफायलिनला कॅफिनपेक्षा १०,००० पट घट्ट धरतो. तो मिळाला कसा? थिओफायलिनला अडकलेले तुकडे कॅफिनने धुऊन काढले. कॅफिनबरोबर जे निसटले ते फेकले, जे थिओफायलिनशीच राहिले ते घेतले. निवडकपणा हवा असेल तर निवड करताना प्रतिस्पर्धी समोर उभा करावाच लागतो.

आमच्या नॅनोट्यूबचं गणित जरा निराळं. नळीला डीएनए गुंडाळलं की ते विशिष्ट पद्धतीने बसतं आणि त्या थराच्या फटींतूनच रेणूला जागा तयार होते. डीएनए एकटं त्या रेणूला धरत नाही, नळी एकटी धरत नाही, दोघं मिळून धरतात. नळी अवरक्त प्रकाशात चकाकते, ९०० नॅनोमीटरच्या पुढे. तो प्रकाश ऊतींतून बराच आत-बाहेर जातो. बर्कलीच्या गटाने २०१९ मध्ये अशा नळ्यांनी उंदराच्या मेंदूच्या कापांत डोपामिन (चेतापेशींमधला निरोप्या रेणू) सुटताना पाहिलं. पण त्या नळ्या डोपामिन आणि नॉरॲड्रिनलिन यांत नीट फरक करत नाहीत. दोघांच्याही कड्यावर शेजारी-शेजारी दोन हायड्रॉक्सिल आहेत, आणि नळीला तेवढंच कळतं. पेशीचे डोपामिन रिसेप्टर या बाबतीत खूप पुढे आहेत.


रानजाई
बुधवार, सकाळी ९.००

सगळ्यांचे मनापासून आभार, विशेषतः सावित्रीकाठ यांचे. ऱ्हाईनकाठ, तिच्या डॉटवर अँटिबॉडीही नाही, ॲप्टामरही नाही. नुसतं सायट्रिक ॲसिड आणि युरिया. मग लोहाने तो विझतो का?


अनुस्वार
बुधवार, सकाळी ११.५०

पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत आयुष्य गेलं. कार्बन डॉटने लोह ओळखल्याचे लेख ढिगाने आहेत आणि त्यातले बरेच एकाच ठिकाणी घसरतात, म्हणून सविस्तर लिहितो.

फेरिक लोह (तीन धन भारांचं) स्वतः अतिनील प्रकाश शोषतं. ३०० नॅनोमीटरच्या आसपास जोरात, आणि तिथून ४०० पर्यंत उतरत. डॉटला चकाकायला नेमका हाच प्रकाश लागतो. म्हणजे बाटलीत लोह वाढवलं की डॉटपर्यंत प्रकाशच कमी पोचतो. तो मंद दिसणारच. लोह डॉटला शिवलंही नसेल. सोडियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम, झिंक हे रंगहीन, अतिनील शोषत नाहीत, म्हणून त्यांनी फरक पडत नाही. 'निवडकपणा' तयार!

तपासायला महाग यंत्र नको. दोन क्युवेट (द्रव ठेवून प्रकाश मोजायच्या पारदर्शक चौकोनी नळ्या) घ्यायच्या. मागच्यात नुसते डॉट. पुढच्यात, प्रकाश येतो त्या बाजूला, नुसतं लोह, प्रयोगात वापरलं तेवढंच तीव्र. दोन द्रव एकमेकांत मिसळलेले नाहीत. तरी मागची चकाकी उतरली तर तेवढा भाग निव्वळ सावलीचा. फ्लुओरेसन्सचा आयुर्काल (प्रकाश थांबल्यावर चकाकी किती वेळ टिकते तो काळ) मोजून बदलला नाही एवढ्यावर निष्कर्ष काढू नये. लोह खरंच आधीपासून चिकटून बसलं असेल तरी आयुर्काल तसाच राहतो.

आणखी तीन गोष्टी. एक, फेरिक क्लोराईड टाकलं की पाणी आम्लधर्मी होतं आणि बऱ्याच डॉटची चकाकी पीएचवर हलते. तेवढंच आम्ल लोहाशिवाय टाकून बघा. दोन, यादीत पिवळं क्रोमेट आणि तांबं घ्या. क्रोमेट अतिनील चांगलंच शोषतं, तिथे निवडकपणाची खरी परीक्षा. तीन, बोअरच्या पाण्यात लोह बहुतेक फेरस (दोन धन भारांच्या) रूपात असतं, वर येताना स्वच्छ दिसतं आणि हवा लागल्यावर बादलीत तांबूस गाळ बसतो. नमुना कधी घेतला, आम्ल घालून ठेवला का, यावर उत्तर बदलतं.

आणि हो, कण डायलिसिसने, म्हणजे बारीक छिद्रांच्या पिशवीत ठेवून छोटे रेणू बाहेर जाऊ देऊन, धुतलेत का? सायट्रिक ॲसिड आणि नत्रयुक्त पदार्थ तापवले की छोटे चकाकणारे रेणूही तयार होतात. कधी कधी बरीचशी चकाकी त्यांचीच असते, कणांची नाही.


तिमिर
बुधवार, दुपारी १२.१०

दोन क्युवेटचा प्रयोग फार आवडला. प्रत्येक विद्यार्थ्याला करायला लावला पाहिजे.


हळदीकुंकू
बुधवार, दुपारी ३.३०

अवांतर. टॉर्चची गोष्ट निघालीच आहे तर, नोटा तपासायच्या यूव्ही टॉर्चखाली हळद बघा. स्पिरिटमध्ये चिमूटभर ढवळली की पिवळट हिरवी झळाळते. मुलांना दाखवते मी. यातला रेणू कर्क्युमिन, आणि तो शेकडो रोगांच्या प्रथिनांना चिकटतो असं सिद्ध झालंय ना? आपल्या हळदीचं पेटंट परत मिळवलं ते उगाच नाही.


अनुस्वार
बुधवार, सायंकाळी ५.२०

@हळदीकुंकू, टॉर्च डोळ्यांत जाऊ देऊ नका, विशेषतः मुलांच्या.

जखमेवर हळद लावण्याचं अमेरिकी पेटंट १९९७ मध्ये रद्द झालं, सीएसआयआरच्या आणि माशेलकरांच्या त्या लढ्याचा अभिमान मलाही आहे. तो लढा ही गोष्ट नवी नाही, आमच्याकडे जुन्या काळापासून ठाऊक आहे, यासाठी होता. शेकडो प्रथिनांचं म्हणाल तर औषध शोधणारे कर्क्युमिनकडे सावधपणे बघतात. ते स्वतः चकाकतं, म्हणून चकाकीवर चालणाऱ्या चाचण्या फसतात. पाण्यात गुठळ्या करून प्रथिनांना अडकवतं, लवकर तुटतं, आणि त्याचे तुकडे प्रथिनांशी रासायनिक बंध करतात. सगळ्यांना चिकटणाऱ्या रेणूबद्दल 'ओळखतो' असं म्हणता येत नाही. फोडणीतली हळद जिथे आहे तिथे उत्तमच आहे.


सातारकर_वहिनी
बुधवार, रात्री ८.१०

मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये आहे. सोपं उदाहरण देते, गर्भधारणेची पट्टी.

एचसीजी हे गर्भधारणेत तयार होणारं संप्रेरक दोन साखळ्यांचं. त्यातली अल्फा साखळी एलएच, एफएसएच या प्रजननाच्या संप्रेरकांत आणि थायरॉइडच्या टीएसएचमध्येही तशीच असते. नुसत्या अल्फाला धरणारी अँटिबॉडी वापरली असती तर प्रत्येक बाईची पट्टी दोन रेघा दाखवत बसली असती! म्हणून एक अँटिबॉडी बीटा साखळीवरच्या खास जागेला धरणारी घेतात, आणि दुसरी त्याच रेणूच्या दुसऱ्या जागेला. एकीवर सोन्याचे कण, लालसर रेघ त्यांची. दुसरी पट्टीवर पक्की बसवलेली. दोन्हींनी एकाच वेळी धरलं तरच रेघ उमटते. आता आमच्याकडे हृदयाच्या ट्रोपोनिनसाठी सोन्याऐवजी चकाकणारे कण असलेल्या पट्ट्या आल्यात. त्या डोळ्यांनी वाचायच्या नाहीत, छोट्या यंत्रात घालायच्या, आकडा येतो.

दोन जागी पकड हवी, हीच त्यातली खरी युक्ती. भाचीच्या डॉटची एकच पकड आहे, तीही आहे की नाही माहीत नाही.


तिमिर
गुरुवार, सकाळी १०.३०

वहिनींच्या मुद्द्याला जोडून. पेशीही नुसत्या एका पकडीवर भरवसा ठेवत नाही. टी-पेशीचं, म्हणजे संसर्ग झालेल्या पेशी हुडकणाऱ्या पांढऱ्या रक्तपेशीचं, उदाहरण विलक्षण आहे. दुसऱ्या पेशीच्या पृष्ठभागावर आपल्याच प्रथिनांचे हजारो तुकडे टांगलेले असतात आणि त्यांत विषाणूचे हातावर मोजण्याइतके. दोघांच्या पकडीत फरक फार नाही, तरी टी-पेशी चुकत नाही म्हटलं तरी चालेल. कसं? तुकडा बसल्यावर आत एकामागून एक रासायनिक पायऱ्या सुरू होतात, प्रत्येकीला वेळ लागतो. शेवटची पायरी गाठेपर्यंत तुकडा बसून राहिला तरच निरोप जातो. मधेच सुटला तर पुन्हा पहिल्यापासून. बसण्याच्या वेळेतला थोडासा फरक पायरीगणिक गुणला जातो आणि शेवटी प्रचंड होतो. हॉपफिल्ड यांनी १९७४ मध्ये हा विचार प्रथिन-निर्मितीच्या अचूकतेसाठी मांडला, मॅककीथन यांनी १९९५ मध्ये टी-पेशीला लावला.

यात ऊर्जा खर्च होते. डॉट बाटलीत ऊर्जा खर्च करून पुन्हा पडताळू शकत नाही. रानजाई, तुमच्या 'एकाच जातीच्या गोष्टी आहेत का' याचं माझं उत्तर असं. धरणं एकाच जातीचं आहे, तेच दुबळे बंध. पडताळणं मात्र जिवंत पेशीकडेच आहे.


ऱ्हाईनकाठ
गुरुवार, दुपारी २.४०

@तिमिर, थोडा असहमत. पडताळणी बाटलीबाहेरही बांधता येते. वहिनींची दोन अँटिबॉडींची पट्टी ही पडताळणीच आहे. गवती_चहा यांनी नाकाबद्दल लिहिलं तसंही करतात, सात-आठ वेगवेगळे, प्रत्येकी अर्धवट निवडक कण घ्यायचे आणि सगळ्यांच्या चकाकीचा एकत्र नमुना वाचायचा. एकटा कुणीच खात्रीचा नसतो, मिळून बऱ्यापैकी खात्रीचे होतात.

आणि मधला रस्ताही आहे. २०१८ मध्ये दोन गटांनी पेशीचा डोपामिन रिसेप्टरच घेतला आणि त्याच्या हलणाऱ्या भागात जेलीफिशचं हिरवं प्रथिन बसवलं. डोपामिन बसलं, रिसेप्टरने आकार बदलला की हिरवा प्रकाश वाढतो. धरायचं काम निसर्गाच्या रिसेप्टरचं, कळवायचं काम चकाकीचं. आमच्या नळ्यांचा फायदा एवढाच की त्यांची चमक उन्हात कापड विटतं तशी विटत नाही, त्यामुळे खूप वेळ बघता येतं.


रानजाई
शनिवार, रात्री १०.२०

भाचीने दोन क्युवेटचा प्रयोग केला. लोह पुढच्या क्युवेटमध्ये, डॉट मागच्यात. चकाकी बरीच उतरली, न मिसळताच. सगळी नाही. शोषणाची दुरुस्ती करून आलेख पुन्हा काढल्यावर विझण्याचा थोडाच भाग उरला. डायलिसिसलाही पिशवी लावली होती. पिशवीबाहेरचं पाणीच टॉर्चखाली निळं दिसलं. ती सुरुवातीला हिरमुसली, मग अनुस्वार काकांचा प्रतिसाद पूर्ण वाचून काढला आणि आता मार्गदर्शकांशी बोलून प्रबंधात 'ओळखतात' ऐवजी हा सगळा तपास लिहिणार आहे.

तिचा पुढचा प्रश्न. डॉटला खरोखर लोह धरायला लावायचं तर त्यावर काय बसवावं?


निळाई
शनिवार, रात्री ११.३०

शाब्बास म्हणावं तिला. हे आलेख पुन्हा काढायला धीर लागतो.

बसवायचं तर लोह पकडण्यात निसर्गात सर्वांत तरबेज जीवाणू आहेत, त्यांच्याकडे पाहावं. मातीत लोह भरपूर पण न विरघळणाऱ्या रूपात, म्हणून ते सिडेरोफोर नावाचे रेणू बाहेर सोडतात. फेरिक लोहाला सहा बाजूंनी ऑक्सिजनची पकड आवडते. हे रेणू ती सहाही टोकं नेमक्या अंतरावर आणून देतात. कॅल्शियमला ती घडण मानवत नाही. असाच एक, डेसफेरिऑक्सामिन, थॅलेसेमियाच्या मुलांच्या शरीरात रक्त देऊन देऊन साठलेलं लोह काढायला औषध म्हणून देतात, त्वचेखाली पंपाने, रात्रभर. तो डॉटला जोडता येतो.

आणि स्युडोमोनास जीवाणूंचा पायोव्हर्डिन हा सिडेरोफोर तर स्वतःच चकाकतो, निळसर हिरवा. लोह धरलं की विझतो. मग लोहासकट परत आलेल्या या रेणूला जीवाणूच्या बाहेरच्या पटलावरचा खास रिसेप्टर पकडून आत घेतो, आणि तोही बहुधा आपल्याच जातीचा पायोव्हर्डिन घेतो, शेजाऱ्याचा नाही. धरणं, चकाकणं, रिसेप्टरने निवडणं, सगळं एका जीवाणूत आहे.


परसदार
रविवार, सकाळी ६.५०

थांबा. हा तोच स्युडोमोनास का, जो आम्ही आल्याच्या कंदकुजीसाठी ट्रायकोडर्मा या उपयोगी बुरशीबरोबर ड्रेंचिंगमधून (मुळाशी द्रावण ओतून) सोडतो? कृषी केंद्रात पुडी मिळते ती?


निळाई
रविवार, सकाळी ८.१५

तोच. बुरशीच्या आधी लोह बळकावून तो तिची उपासमार करतो, हे त्याच्या कामातलं एक कारण. पुडीतल्या भुकटीवर टॉर्च मारून काही दिसायचं नाही, त्यात वाहक पावडरच जास्त. कुणाकडे सूक्ष्मजीवशास्त्राची लॅब असेल तर किंग्ज बी नावाच्या माध्यमावर, म्हणजे लोह कमी असलेल्या खाद्यावर, वाढवायचा. एक-दोन दिवसांत सगळी प्लेट यूव्हीखाली झळकते. शेजारच्या प्लेटमध्ये लोह घालून ठेवलं तर तिथे जीवाणू वाढतो, पण रंग बनवत नाही.


रानजाई
रविवार, सकाळी ९.०५

परसदार, पुडीवर लिहिलेलं जातीचं पूर्ण नाव आणि बॅच कळवाल का? भाचीच्या कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र विभाग दोन मजले खालीच आहे. सोमवारी ती तिथल्या बाईंना भेटणार आहे.


परसदार
रविवार, सकाळी ९.२०

गोदामात आहे, दुपारी बघून टाकतो. अर्धी पुडी शिल्लक आहे, हवी तर पाठवूनच देतो.